आधी बॅकअप, मग अपडेट, साफसफाई शेवटी: घरच्या संगणकाची निगा कशी राखावी

संगणक मंदावला की बहुतेकजण आधी साफसफाईला लागतात. कुठलंसं क्लीनर उतरवून घेतात, टेम्प फाइली उडवतात, डेस्कटॉप आवरतात. अपडेटची सूचना आली की ‘नंतर आठवण करा’ दाबतात. बॅकअप मात्र कधीतरी निवांत बसून घ्यायचा असतो, आणि ती निवांत वेळ येत नाही.

हा क्रम नेमका उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. साफसफाई राहिली तर संगणक फार तर कुरकुरत चालेल. अपडेट राहिलं तर कुणीतरी आत शिरू शकतं. बॅकअप राहिला तर गेलेलं परत येत नाही. विंडोज पुन्हा टाकता येतं, डिस्क नवी बसवता येते. बाळाचे पहिल्या वर्षाचे फोटो किंवा अर्धा लिहून झालेला प्रबंध विकत आणता येत नाही. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने जातो. पायऱ्या मुख्यतः विंडोज ११च्या आहेत. मॅकवर जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: आपलं काय काय कुठे आहे ते शोधा

कागद-पेन घेऊन बसा आणि यादी करा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर सगळ्यांना आठवतात. सुटतं ते पुढचं: ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा (तो बऱ्याचदा सी ड्राइव्हमध्ये त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरात असतो), संगणकावर उतरवलेले ईमेल, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, टू-स्टेप लॉगिनचे (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणाऱ्या लॉगिनचे) रिकव्हरी कोड. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर तो फॉन्टही यादीत लिहा. फाइल शाबूत राहिली आणि फॉन्ट हरवला, तर पानभर अगम्य चिन्हंच दिसतील.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोकांचा फार डेटा जातो. ‘माझं सगळं महत्त्वाचं डी ड्राइव्हवर असतं, त्यामुळे काळजी नाही.’ सी आणि डी हे बहुतेक संगणकांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज बिघडून पुन्हा टाकावं लागलं तर डी वाचते, एवढं खरं. पण डिस्कच गेली तर दोन्ही एकदम जातात. दोन ड्राइव्ह म्हणजे दोन डिस्क का, हे टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात पाहा: तिथे ‘डिस्क ०’ एवढंच असेल आणि त्यासमोर सी, डी दोन्ही लिहिलेलं असेल, तर डिस्क एकच आहे.

यादीतल्या प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये त्याचा आकार पाहा आणि बेरीज करा. बॅकअपची डिस्क त्याच्या किमान दुप्पट घ्या, कारण बॅकअपमध्ये फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही साठत जातात.

दुसरी पायरी: तीन-दोन-एक

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हा नियम आहे. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. घरगुती वापरात त्याचा अर्थ असा: मूळ फाइल संगणकात, एक प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत.

‘दुसऱ्या ठिकाणी’ हा भाग लोक सोडून देतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच परिसरात होता, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. व्यावसायिक डेटा सेंटरचं हे होऊ शकतं, तर एकाच टेबलावर शेजारी ठेवलेला लॅपटॉप आणि हार्ड डिस्क यांचं काय? चोरी, पाणी, आग या गोष्टी दोन्हींना एकदमच गाठतात.

आणि क्लाउडबद्दल. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह यांसारख्या सेवा मुळात सिंक करतात. सिंक म्हणजे इथे झालेला बदल तिथेही होणार. तुम्ही चुकून फोल्डर उडवला तर तो तिथूनही उडतो. रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने) फाइल कुलूपबंद केली तर तीच बिघडलेली फाइल वर चढते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि गुगल ड्राइव्हमध्ये उडवलेल्या फाइली कचरापेटीत ३० दिवस राहतात. चूक त्याच्या आत लक्षात आली तर ठीक. वर्षातून एकदाच उघडला जाणारा फोल्डर गायब झाल्याचं मात्र वर्षानेच कळतं. म्हणून क्लाउड हवाच, पण एकटा पुरत नाही. फुकट जागाही मर्यादित असते: वनड्राइव्हवर ५ जीबी, गुगलवर १५ जीबी, आणि त्या १५मध्ये जीमेलही आलं.

तिसरी पायरी: बॅकअप प्रत्यक्ष लावा

एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडा. ती नवी असेल तर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि फाइल सिस्टिम म्हणून एनटीएफएस निवडा. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी ती रिकामी आहे ना ते बघा. जुन्या पेनड्राइव्हवर असतं तसं फॅट-३२ ठेवू नका. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लांबलचक व्हिडिओ नेमके तिथेच अडकतात.

आता कंट्रोल पॅनल उघडा, सिस्टिम अँड सिक्युरिटीमध्ये जा, तिथे फाइल हिस्टरी आहे. टर्न ऑन करा. ती ठरलेल्या वेळाने बदललेल्या फाइलींच्या प्रती घेते आणि जुन्या आवृत्त्याही जपते. कालचा मजकूर आज चुकून खोडला असेल तर कालची फाइल परत मिळते, हा तिचा सगळ्यात मोठा उपयोग. अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवायच्या ते ठरवता येतं.

फाइल हिस्टरीची एक मर्यादा नीट समजून घ्या. ती डेस्कटॉप आणि लायब्ररीत (विंडोजने ठेवलेल्या फोल्डरांच्या यादीत) असलेल्या फोल्डरांच्याच प्रती घेते. डी ड्राइव्हवरचा तुमचा ‘कामाचे कागद’ हा फोल्डर तिला आपोआप दिसत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून ‘इन्क्लुड इन लायब्ररी’ करावं लागतं. पहिल्या पायरीतली यादी इथे कामी येते: एकेक ओळ वाचा आणि तो फोल्डर आत आला का ते तपासा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बहुधा स्वतःचा बॅकअप पर्याय असतो. तो वापरा आणि बॅकअपची फाइल थेट एक्स्टर्नल डिस्कवर पाठवा. सॉफ्टवेअर चालू असताना त्याच्या डेटाच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर प्रत अर्धवट निघू शकते.

विंडोज ११मध्ये ‘विंडोज बॅकअप’ नावाचं वेगळं अॅपही आहे. ते फाइली वनड्राइव्हवर पाठवतं, एक्स्टर्नल डिस्कवर नाही. नाव सारखं असल्याने गोंधळ होतो.

मॅकवाल्यांचं काम सोपं आहे. सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, टाइम मशीन, आणि डिस्क निवडा. गेल्या २४ तासांचे दर तासाचे, गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे दर आठवड्याचे बॅकअप ते ठेवतं. डिस्क भरली की सगळ्यात जुने आपोआप काढून टाकतं. डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याचा पर्याय विचारेल, तो निवडा आणि पासवर्ड कागदावर लिहून जपून ठेवा.

बॅकअप झाला की डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढून ठेवा. रॅन्समवेअर जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर हात मारतं. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत ते पोहोचू शकत नाही. आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी डिस्क जोडा, फाइल हिस्टरीत ‘रन नाउ’ दाबा आणि काम संपलं की पुन्हा काढा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क चालू असताना उचलू नका, हलवू नका.

महिनोन्महिने ठेवून द्यायची प्रत असेल तर पेनड्राइव्ह किंवा एसएसडीपेक्षा (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कपेक्षा) साधी हार्ड डिस्क बरी. एसएसडी आणि पेनड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता फार काळ पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो.

क्लाउडसाठी एक बारकावा. वनड्राइव्हच्या फोल्डरात फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त तिचं नाव दिसतंय. म्हणजे तीनपैकी एकच प्रत उरली. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं नसेल तर ते आजच लावा.

चौथी पायरी: बॅकअपमधून फाइल परत आणून पाहा

ही पायरी जवळपास कुणीच करत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअप घेण्याच्या त्यांच्याकडे पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. वेळ आली तेव्हा त्यांतली एकही भरवशाने चालत नव्हती. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून बरंचसं वाचलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, ही त्यांची मोठी गोष्ट.

तर तीन फाइली निवडा: एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक काल बदललेली फाइल. बॅकअपमधून त्या एखाद्या नव्या, रिकाम्या फोल्डरात परत आणा. मूळ फाइलीवर लिहू नका. तिन्ही उघडा. फोटो पूर्ण दिसतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, फाइलीत कालचा बदल आहे का? शक्य असेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून हेच करा, कारण खऱ्या अडचणीत तुमचा संगणक चालू असणारच नाही. दर तीन महिन्यांनी एकदा पुरे.

याच बैठकीत आणखी एक काम उरकून टाका. आजचे बरेच लॅपटॉप डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात. बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा, संगणकातच बसवलेला प्रोग्राम) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की संगणक सुरू होताना बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या एन्क्रिप्शनची, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती की सापडते का पाहा, कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

पाचवी पायरी: अपडेट

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर त्रुटी बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच त्रुटीतून जगभर पसरलं. ब्रिटनमधल्या रुग्णालयांचं कामकाजही विस्कळीत झालं. मधे जवळजवळ दोन महिने होते. अपडेट बाहेर येतं तेव्हा त्यात काय दुरुस्त केलं हे हल्लेखोरांनाही वाचता येतं, आणि ज्यांनी ते टाकलेलं नाही त्यांच्याविरुद्ध ते वापरता येतं. उशीर जितका, धोका तितका.

अपडेटला घाबरणारेही अगदी चुकीचे नाहीत. ऑक्टोबर २०१८मधल्या विंडोज १०च्या मोठ्या अपडेटने काहींच्या वैयक्तिक फाइली पुसल्या, आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले. म्हणूनच बॅकअप आधी, अपडेट नंतर.

मी असा फरक करतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी सुरक्षा अपडेट दोन-चार दिवसांत टाकायची. वर्षातून एकदा येणारं मोठं आवृत्ती-अपडेट काही आठवडे थांबून, ताजा बॅकअप घेऊन टाकायचं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये ‘पॉज’ आहे. महत्त्वाचं काम तोंडावर असेल तर काही आठवडे अपडेट पुढे ढकलता येतात. पॉज पुन्हा काढायचं विसरू नका. तिथेच ‘अॅक्टिव्ह अवर्स’मध्ये तुमच्या कामाच्या वेळा भरा, म्हणजे ऐन कामात संगणक रीस्टार्ट होणार नाही.

अपडेट टाकताना लॅपटॉप चार्जरला लावा आणि शेवटी रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा सुरू करणं म्हणजे तेच नव्हे: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा उचलतं. ‘रोज बंद करतो तरी हँग होतो’ या तक्रारीवर बऱ्याचदा एक रीस्टार्ट पुरतो. मोठ्या अपडेटनंतर काही बिघडलंच, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’ हा मार्ग साधारण १० दिवस खुला असतो. ते १० दिवस संपेपर्यंत जागा मोकळी करण्याच्या नादात जुन्या विंडोजच्या फाइली उडवू नका.

ऑप्शनल अपडेट्समधले ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) काही अडत असेल तरच टाका. प्रिंटर नीट चालतोय तर त्याला हात लावू नका.

विंडोज १० वापरत असाल तर त्याचं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आहे. त्यानंतरची वाढीव सुरक्षा अपडेट ही तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. कधी कधी ती संगणकात असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, तेव्हा संगणक टाकाऊ ठरवण्याआधी ते पाहून घ्या. चिप नसेलच तर विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या उबुंटू किंवा लिनक्स मिंट या प्रणालींचा पर्याय ब्राउझर, ईमेल आणि लिखाण एवढ्या वापराला उत्तम चालतो.

ब्राउझरचं अपडेट विंडोजइतकंच महत्त्वाचं आहे, कारण बाहेरचा जवळपास सगळा मजकूर त्यातूनच येतो. तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘अबाउट’ उघडलं की तो स्वतः तपासतो. न लागणारी एक्स्टेन्शन्स काढून टाका. वायफाय राउटरलाही अपडेट असतं आणि ते कुणी बघत नाही; त्याच्या सेटिंग्जमध्ये आपोआप अपडेटचा पर्याय असेल तर चालू करा. एखाद्या वेबसाइटवर ‘तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, इथे क्लिक करा’ अशी खिडकी उघडली तर ती बंद करा. अपडेट त्या सॉफ्टवेअरच्या आतून किंवा त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्यायचं. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर वापरू नका, हे मी कळकळीने सांगतो. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्यांची पहिली सूचना असते, यातच सगळं आलं. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. त्यावर आणखी दोन अँटिव्हायरस चढवले की संगणक आणखी मंदावतो.

सहावी पायरी: साफसफाई

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप अॅप्स’ पाहा आणि संगणकाबरोबर सुरू व्हायची गरज नाही ते डिसेबल करा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथून टेम्पररी फाइली काढा. त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरचाही चौकोन असतो, त्यावर टिक करण्याआधी त्या फोल्डरात काय आहे ते बघा. स्टोरेज सेन्स चालू केलं की पुढची किरकोळ झाडलोट ते करतं. डिस्कची पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या.

रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे क्लीनर टाकू नका. फायदा जाणवत नाही आणि चुकीची नोंद उडाली तर विंडोज सुरू व्हायचंही थांबू शकतं. २०१७मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय क्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं. एसएसडी डीफ्रॅग करू नका, म्हणजे तिच्यावरचे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवत बसू नका. तिला लागणारी देखभाल विंडोज स्वतः करतं.

धुळीकडे मात्र लक्ष द्या. पंखा सतत घोंघावत असेल आणि खालचा भाग तापत असेल तर संगणक स्वतःच वेग कमी करतो. बंद करून, चार्जर काढून, कॉम्प्रेस्ड एअरच्या डब्याने जाळ्यांतून थोडी थोडी हवा मारा. पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते भरधाव फिरून बिघडू शकतं. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. तो कायम चार्जरवर असेल तर उत्पादकाच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का पाहा. आणि संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो कुठल्याही साफसफाईने पडत नाही.

डिस्क कुरकुरायला लागली तर

टकटक असा आवाज, छोटी फाइल उघडायला मिनिटभर, फोल्डर मधेच गायब होणं, कॉपी करताना त्याच ठिकाणी अडकणं: यांतलं काहीही दिसलं की स्कॅन, डीफ्रॅग, दुरुस्ती काहीही सुरू करू नका. आधी सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर बाहेर काढा, मग त्याखालचा. टकटक चालू झाली असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल, तर संगणक लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्या. प्रत्येक वेळी चालू करून पाहिल्याने तबकडी आणखी खरवडली जाते. एसएसडी बऱ्याचदा आवाज न करता, पूर्वसूचना न देता जाते. तिच्यावरून उडवलेल्या फाइली रिकव्हरी सॉफ्टवेअरने मिळण्याची शक्यताही कमी, कारण ट्रिम या सोयीमुळे त्यांची जागा लवकरच खरोखर पुसली जाते.

संगणक दुसऱ्याला देताना

चौथ्या पायरीची तपासणी पुन्हा करा. सगळ्या खात्यांतून साइन आउट व्हा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी इथे ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पुढच्या सेटिंग्जमध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा. नुसतं फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरून फाइली परत काढता येतात. डिस्क काढून स्वतःकडे ठेवणार असाल तर रीसेट करायची गरज नाही, पण तिची बिटलॉकर की आधी कागदावर उतरवा आणि मगच मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या यादीतून तो संगणक काढा.